कोटणीस स्मारक, सोलापूर

सोलापूर शहरातील भैय्या चौक भागात असलेले कोटणीस कुटुंबाचे जुने घर. चीन-जपान युद्धात जखमी सैनिकांची सेवा करता करता चीनमध्येच देह ठेवणारे डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस (१० ऑक्टोबर १९१० – ९ डिसेंबर १९४२) हे या घरातले. सोलापूर महानगरपालिकेने त्याचे स्मारक केले असून २०१२ पासून ते लोकांसाठी खुले आहे. ब्रिटिश अमदानीतली जी घरे पुढे संग्रहालये झाली, ती बहुतेक संस्थानिकांची, साहेबांची किंवा मोठ्या पुढाऱ्यांची. हे घर मात्र गिरणीत नोकरी करून मोठा प्रपंच चालवणाऱ्या शांताराम कोटणीसांचे. त्याचे मोल समजून घ्यायचे तर आधी त्याच्या भोवतालचे सोलापूर पाहावे लागते.

१८६० च्या सुमारास रेल्वे आली आणि या बाजारपेठेचे नशीब पालटले. १८७७ मध्ये सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, म्हणजे गावाच्या तोंडची ‘जुनी मिल’, सुरू झाली. मागोमाग नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू या गिरण्या आल्या आणि शहराचा दिवस गिरणीच्या भोंग्यावर चालू लागला. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणारे कामगार शेजारी-शेजारी राहू लागले. मे १९३० मध्ये हे शहर इंग्रजांविरुद्ध उठले. सरकारने मार्शल लॉ पुकारला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना येरवड्यात फाशी दिली. त्या मे महिन्यात द्वारकानाथ १९ वर्षांचे होते. स्वतःचे शहर लष्कराच्या ताब्यात गेलेले ज्या पिढीने पाहिले, तिला दूरच्या देशावरचे आक्रमण परके वाटले नाही, असे मानायला जागा आहे.

मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून ते डॉक्टर झाले. जपानने जुलै १९३७ मध्ये चीनवर चढाई केल्यानंतर चिनी सेनानी चू ते यांनी जवाहरलाल नेहरूंकडे वैद्यकीय मदत मागितली. १९३८ चे काँग्रेस अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी लोकांना आवाहन केले, निधी जमला आणि पाच डॉक्टरांचे पथक ठरले. अलाहाबादचे मदन अटल प्रमुख, नागपूरचे मोरेश्वर चोळकर, कलकत्त्याचे विजयकुमार बसू व देवेश मुखर्जी, आणि सोलापूरचे कोटणीस. देश स्वतः पारतंत्र्यात असताना दुसऱ्या देशाच्या स्वातंत्र्यासाठी लोकवर्गणीतून डॉक्टर पाठवले गेले, ही गोष्ट शाळेच्या इतिहासात जेमतेम येते. तिला अधिक जागा मिळायला हवी.

१ सप्टेंबर १९३८ रोजी पथक ‘राजपुताना’ बोटीने मुंबईहून निघाले. पुढच्या फेब्रुवारीत ते येनानला पोहोचले. दरम्यान वडील गेल्याची बातमी आली. घरच्या ओढीने परतण्याची मुभा असूनही द्वारकानाथांनी काम सोडले नाही. सहकारी एकेक करून मायदेशी आले. द्वारकानाथ मात्र उत्तर चीनमधील आघाडीवरच राहिले. चिनी भाषा शिकले, डोंगराळ खेड्यांतल्या तात्पुरत्या रुग्णालयांत शस्त्रक्रिया करत राहिले, आणि तिथल्या विद्यार्थ्यांसाठी शस्त्रक्रियाशास्त्राचे पाठ्यपुस्तक लिहायला बसले. कॅनडाचे सर्जन नॉर्मन बेथ्यून यांचा नोव्हेंबर १९३९ मध्ये जंतुसंसर्गाने मृत्यू झाला होता. त्यांच्या नावाच्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाची सूत्रे जानेवारी १९४१ मध्ये कोटणीसांकडे आली. त्याच वर्षी परिचारिकांना शिकवणाऱ्या क्वो छिंगलान यांच्याशी त्यांचा विवाह झाला. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचे नाव ‘यिनह्वा’, म्हणजे भारत आणि चीन. मूल साडेतीन महिन्यांचे असताना, अपस्माराच्या झटक्यांनी कोटणीस वारले. वय ३२. यिनह्वाही वैद्यकशास्त्र शिकत होता. तो १९६७ मध्ये, पंचविशीच्या आतच गेला.

कोटणीसांच्या कर्तृत्वाचा काळ भैय्या चौकापासून हजारो किलोमीटरवर गेला, त्यामुळे स्मारकात तो मुख्यतः छायाचित्रांतून उभा राहतो. त्यांची समाधी हपै प्रांतातील शिच्याच्वाङ येथील हुतात्म्यांच्या दफनभूमीत, बेथ्यून यांच्या जवळच आहे. चिनी डाक खात्याने १९८२ मध्ये आणि भारतीय डाक खात्याने १९९३ मध्ये त्यांचे तिकीट काढले. महाराष्ट्रात त्यांचे नाव घरोघरी नेले ते व्ही. शांताराम यांच्या ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ (१९४६) या चित्रपटाने. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या पुस्तकावर तो बेतलेला होता. कोटणीसांची भूमिका शांतारामबापूंनी स्वतः केली आणि छिंगलान यांची अभिनेत्री जयश्रीबाईंनी.

१९६२ च्या भारत-चीन युद्धानंतर दोन्ही देशांत अंतर पडले, तरी कोटणीस कुटुंबाशी चीनने नाते तोडले नाही. भारतभेटीवर आलेले चिनी राष्ट्रप्रमुख त्यांच्या नातेवाइकांना आवर्जून भेटत आले. छिंगलान स्वतः अनेकदा भारतात आल्या. त्यांचे निधन स्मारक सुरू झाले त्याच वर्षी, २०१२ मध्ये झाले. राजनैतिक सोहळ्यांच्या या झोतात एक धोका मात्र आहे. कोटणीस केवळ ‘भारत-चीन मैत्रीचे प्रतीक’ उरतात, आणि भाऊ-बहिणींच्या गजबजलेल्या घरात वाढलेला, चांगला व्यवसाय थाटण्याची संधी समोर असताना ती बाजूला ठेवणारा तरुण दिसेनासा होतो. तो तरुण शोधायचा तर हेच घर पाहायला हवे. आठ भावंडांच्या कुटुंबात एक मुलगा डॉक्टर होणे म्हणजे सगळ्या घराची आशा फळाला येणे. तो मुलगा युद्धभूमीवर पाठवताना आई-वडिलांनी काय सोडले, हे इथे उभे राहिल्यावर कळते.

गिरण्या आता बंद आहेत. शहरात नव्याने येणाऱ्याने जुन्या मिलचा परिसर आणि हुतात्म्यांचा चार पुतळा चौक पाहून मग या घरात यावे; या क्रमाने आल्यास कोटणीसांचा काळ अधिक नीट उलगडतो. शाळांच्या सहलींसाठीही हाच मार्ग सोयीचा आहे.