कोणते देऊळगाव? : शिवाराच्या हद्दीपासून वर्कशीटच्या हद्दीपर्यंत

१/ बुलढाणा जिल्ह्यात 'देऊळगावला जायचे आहे' एवढेच सांगितले, की पुढचा प्रश्न ठरलेला : कोणते? देऊळगाव राजा, देऊळगाव मही, देऊळगाव साकर्शा की देऊळगाव घुबे? नाव एक, गावे अनेक. महसुली दप्तराने ही अडचण शतकानुशतके कशी हाताळली आणि तीच युक्ती संगणकावरील स्प्रेडशीटमध्ये कशी अवतरली, त्याचा हा धांडोळा.

२/ पहिला उपाय म्हणजे नावाला जोड देणे. सिंदखेडच्या जाधव राजघराण्यामुळे 'राजा'. खानदेशातील जळगावाहून वेगळे ओळखता यावे म्हणून शेजारच्या जामोदचे नाव घेतलेले जळगाव जामोद. 'बुद्रुक' आणि 'खुर्द' ही पदे तर फारसी : बुजुर्ग म्हणजे थोरले, खुर्द म्हणजे धाकटे. सात-बारावर ती आजही 'बु.' आणि 'खु.' अशी उमटतात.

३/ दुसरा उपाय अधिक सूक्ष्म होता. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाडचा कारभार कंपनीकडे सोपवला. पुढे येथे मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी मोजणी झाली. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५ पासून इंदापुरात घडवलेली हीच पद्धत. प्रत्येक शेताला क्रमांक मिळाला. पण हा क्रमांक गावापुरताच. शिव ओलांडली, की मोजणी पुन्हा १ पासून सुरू.

४/ म्हणजे 'सर्व्हे नंबर १२' हे शेताचे पूर्ण नाव नव्हे. गावात ते निःसंदिग्ध असते, तालुक्यात अपुरे, तर जिल्ह्यात निरर्थक ठरते. म्हणूनच सात-बाराच्या माथ्यावर गाव, तालुका आणि जिल्हा लिहिलेला असतो. तो माथा चुकला, तर खालची प्रत्येक नोंद भलत्याच शेताची ठरू शकते.

५/ आता संगणकाकडे. १९७९ च्या व्हिसिकॅलमध्ये प्रत्येक घराला स्तंभाचे अक्षर आणि ओळीचा अंक एवढीच ओळख होती. १९८३ च्या लोटस १-२-३ मध्ये घरांच्या समूहाला नाव देता येऊ लागले. १९९३ च्या एक्सेल ५ ने एकाच फाइलमध्ये अनेक शीट्स आणली आणि देऊळगावचा प्रश्न तिथेही उभा राहिला.

६/ समजा, एका फाइलमध्ये चिखली, मेहकर आणि लोणार अशी तीन शीट्स आहेत. प्रत्येकीत 'क्षेत्र' हे नाव हवे आहे. नाव संपूर्ण फाइलसाठी दिले, तर ते एकदाच वापरता येते. शीटपुरते दिले, तर तिन्हीकडे तेच चालते. बाहेरून बोलावताना शीटचे नाव, उद्गारचिन्ह आणि मग 'क्षेत्र' असे लिहावे लागते. गाव आधी, नंबर नंतर, रीत तीच.

७/ धोका असतो तो दोन्ही प्रकारची नावे एकत्र नांदतात तेव्हा. शीटवर स्वतःचे 'क्षेत्र' असेल, तर एक्सेल तेच धरते. नसेल, तर निमूटपणे फाइलभरचे उचलते. भरीस भर म्हणजे त्याच फाइलमध्ये शीटची नक्कल केली, की फाइलभरच्या नावाची शीटपुरती प्रत आपोआप तयार होते. सूत्र चालते, आकडा येतो, त्रुटीचा संदेश दिसत नाही. पण मेहकरच्या बेरजेत चिखलीचे क्षेत्र मिसळलेले असू शकते.

८/ २००७ च्या एक्सेलमधील 'नेम मॅनेजर'मुळे प्रत्येक नावाची हद्द एका स्तंभात दिसू लागली. मात्र एकदा ठरलेली हद्द तिथे बदलता येत नाही. नाव पुसून नव्याने द्यावे लागते.

९/ राज्यव्यवहाराचा कल आता दुसऱ्या टोकाकडे आहे. २०११ च्या जनगणनेत प्रत्येक गावाला सहा अंकी संकेतांक मिळाला. २०२१ पासून जमिनीच्या तुकड्याला १४ अंकी भू-आधार क्रमांक देण्याची योजना आली. हे क्रमांक देशभर एकमेव, त्यांना गावाचा आधार लागत नाही. पण ते कोणाच्या तोंडीही बसत नाहीत. बांधावर शेत आजही 'वडाचे' किंवा 'नाल्याकाठचे' असते, आणि ते नाव त्या घरापुरते पुरेसे असते.

१०/ म्हणून सात-बारा हाती आला, की क्षेत्राच्या आकड्याआधी माथ्यावरचे गाव वाचावे. दुसऱ्याची स्प्रेडशीट हाती आली, तर बेरजेआधी नावांची हद्द तपासावी. (समाप्त)