कंपवाताचें गणित

१८१७ सालीं लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनीं सहा रोग्यांवरून कंपवाताचें वर्णन लिहिलें. त्याच्या उपचाराचा एक धागा मात्र समुद्रांतील माकुळापर्यंत जातो. त्या प्राण्याच्या जाड मज्जातंतूवरून हॉजकिन व हक्स्ले यांनीं १९५२ मध्यें विद्युत्-स्पंदनांचीं समीकरणें मांडलीं. हक्स्ले यांनीं तीं हातानें फिरवावयाच्या यंत्रावर सोडविलीं.

१९८७ मध्यें फ्रान्समधील ग्रनोबल येथें बेनाबिद यांस आढळलें कीं, मेंदूंत सेकंदास १०० हून अधिक विद्युत्-स्पंदनें दिलीं असतां कंप थांबतो. जो परिणाम तो भाग जाळल्यानें होई, तोच चेतविल्यानें कसा व्हावा? त्या जुन्या समीकरणांच्या परंपरेंतील संगणकीय प्रतिकृतीवर मॅकइंटायर व सहकाऱ्यांनीं २००४ मध्यें दाखविलें कीं, पेशीचा देह गप्प झाला तरी तिचा तंतु स्पंदत राहूं शकतो.

चांदूर बाजारच्या संत्राबागेंत पाटाचें पाणी सर्वत्र सारखें मुरत नाहीं. मेंदूंतील विद्युत्प्रवाहाचेंहि तसेंच आहे. तो थोडे मिलिमीटर भलतीकडे पसरला तर वाचा अडखळते, स्नायु आखडतात. प्रतिकृतीमुळें त्याचा अंदाज आधीं घेतां येतो. अखेरचा निवाडा मात्र रोग्याच्या हाताकडे पाहूनच करावा लागतो.