विजेत्या संघाचे वय कसे काढावे?

मागच्या गणपतीत आरती झाल्यावर मंडपाच्या मागे बसून पोरांनी मोबाईलवर ‘मैदान’ हा सिनेमा पाहिला. अजय देवगणने त्यात सय्यद अब्दुल रहीम यांची भूमिका केली आहे. सिनेमा संपला तसा एकाने प्रश्न टाकला, “गुरुजी, जकार्त्याला आपली टीम जिंकली तेव्हा तिचं अ‍ॅव्हरेज वय किती होतं?” मी म्हणालो, बेरीज करा आणि भागा, त्यात काय एवढे! ज्यांच्या पूर्ण जन्मतारखा हाती लागतील तेवढे खेळाडू घ्या. दुसऱ्या दिवशी तिघांनी सहा-सहा खेळाडूंची गणिते आणली. खेळाडू तेच, तारखा त्याच, पण उत्तरे तीन. एकाचे २५ वर्षे, दुसऱ्याचे २५ वर्षे २ महिने, तिसऱ्याचे जवळजवळ २५ वर्षे ५ महिने. मी वहीत तपासून पाहिले तर चूक कुणाचीच नव्हती.

स्मरणिकेच्या संपादकांनी यंदा इतिहासावर लिहा म्हणून सांगितले, तेव्हा हीच वही काढली. आपल्या भागात पोरे कबड्डी खेळतात, व्हॉलीबॉल खेळतात, क्रिकेट तर सगळीकडेच आहे. फुटबॉल फारसा नाही. मग संतपूरच्या गणपतीत फुटबॉल कशाला, असे कुणी म्हणेल. पण हा संघ आपल्याला अगदी परका नाही. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो आणि १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात. त्या दिवशी बीदर जिल्ह्याची वाटणी झाली. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले. औराद, भालकी, हुमनाबाद म्हैसुरात आले. एकाच घरातल्या सोयरिकी दोन राज्यांत पडल्या. त्याआधी आपली राजधानी हैदराबाद होती, आणि हैदराबादचा फुटबॉल तेव्हा हिंदुस्थानात गाजत होता. हैदराबाद सिटी पोलीस या संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईत जाऊन रोव्हर्स कप जिंकला. त्यांना घडवणारे रहीमसाहेब पेशाने शिक्षक होते. गंमत म्हणजे हैदराबाद राज्य नकाशावरून गेले, तरी १९५६-५७ आणि १९५७-५८ ची संतोष ट्रॉफी हैदराबादच्याच नावावर आहे.

सलग पाच कपांच्या या गोष्टीतच सरासरी वयाचा पहिला उपयोग दिसतो. १९५० ला जे अकरा उतरले तेच अकरा १९५४ ला उतरले असते, तर संघाचे सरासरी वय बरोबर चार वर्षांनी वाढले असते. वाढ त्याहून कमी दिसली, तर मधल्या काळात कुणीतरी नवा, तरुण पोरगा आत आला आहे हे नावे न बघताही कळते. म्हणून एका वर्षाची सरासरी मुकी असते; दोन-चार वर्षांच्या ओळीने मांडल्या म्हणजे त्या बोलू लागतात.

आता जकार्ता. ४ सप्टेंबर १९६२, आशियाई क्रीडास्पर्धेचा अंतिम सामना, समोर दक्षिण कोरिया. याच कोरियाने गटातल्या सामन्यात आपल्याला २-० ने हरवले होते. नंतर थायलंड, जपान, उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनाम असे करीत आपण पुन्हा त्यांच्याच पुढे आलो. जर्नैलसिंग हा खरे तर बचावातला माणूस. थायलंडच्या सामन्यात त्याचे डोके फुटले, टाके पडले, आणि रहीमसाहेबांनी त्याला पुढच्या फळीत आणले. अंतिम सामन्यात १७ व्या मिनिटाला पी. के. बॅनर्जीने आणि २० व्या मिनिटाला जर्नैलने गोल केला. आपण २-१ ने जिंकलो. गोलरक्षक पीटर थंगराज. बाकीचे चंद्रशेखर, त्रिलोकसिंग, जर्नैलसिंग, अरुण घोष, फ्रँको, प्रशांत सिन्हा, पी. के. बॅनर्जी, कप्तान चुनी गोस्वामी, तुलसीदास बलराम आणि युसूफ खान. यातला बलराम सिकंदराबादजवळच्या अम्मुगुड्याचा, थंगराजचा जन्मही हैदराबादचाच, आणि फ्रँको गोव्याच्या कोलवाळचा.

सरासरी काढण्याआधी दोन गोष्टी ठरवाव्या लागतात. एक, कोण मोजायचे. सोबत नेलेले सगळे, की अंतिम सामन्यात उतरलेले अकरा? मी अकरा धरतो, कारण कप त्यांनी खेळून जिंकला. दुसरी, कोणत्या दिवशी मोजायचे. आजच्या दिवशी मोजून उपयोग नाही, स्पर्धेच्या पहिल्या दिवशी मोजले तर उत्तर दहा-अकरा दिवसांनी हलते. मी अंतिम सामन्याचा दिवस धरतो. रहीमसाहेबांचे वय यात येत नाही. ते १७ ऑगस्ट १९०९ चे, म्हणजे त्या दिवशी ५३ पूर्ण.

आता पोरांचे सहा जण. ४ सप्टेंबर १९६२ ला थंगराज (जन्म २४ डिसेंबर १९३५, आपल्या हिशेबाने येळवशीच्या आसपासचा) २६ वर्षे ८ महिने ११ दिवसांचा. चंद्रशेखर (१० जुलै १९३५) २७ वर्षे १ महिना २५ दिवस. जर्नैल (२० फेब्रुवारी १९३६) २६ वर्षे ६ महिने १५ दिवस. पी. के. (२३ जून १९३६) २६ वर्षे २ महिने १२ दिवस. चुनी (१५ जानेवारी १९३८) २४ वर्षे ७ महिने २० दिवस. आणि अरुण घोष (७ जुलै १९४१) अवघा २१ वर्षे १ महिना २८ दिवसांचा.

पहिल्या पोराने फक्त पूर्ण झालेली वर्षे घेतली : २६, २७, २६, २६, २४, २१. बेरीज १५०, भागिले ६, उत्तर २५. दुसऱ्याने १९६२ तून जन्मसाल वजा केले. त्यामुळे थंगराज २७ चा झाला, बेरीज १५१ आली आणि उत्तर २५ वर्षे २ महिने. तिसऱ्याने महिने-दिवसांसकट बेरीज केली : १५२ वर्षे ४ महिने २१ दिवस. भागिले ६ म्हणजे २५ वर्षे ४ महिने २४ दिवस. खरी पद्धत ही तिसरी. पूर्ण वर्षांची पद्धत प्रत्येकाचे वरचे महिने कापून टाकते. कुणाचा एक महिना जातो, कुणाचे अकरा, म्हणून सरासरी साधारण सहा महिन्यांनी कमी येते. ही पद्धत वापरायचीच असेल तर शेवटी अर्धे वर्ष मिळवावे. वेळ नसेल तेव्हा तेवढे पुरते.

अरुण घोषला बाजूला ठेवून पाहा. उरलेल्या पाचांची सरासरी २६ वर्षे ३ महिने येते. एका पोराने सहा जणांचे वय दहा महिन्यांनी खाली ओढले. म्हणून मी पोरांना मधले वयही काढायला सांगतो. सहा जणांना वयाने ओळीत उभे करा आणि मधल्या दोघांची सरासरी घ्या : २६ वर्षे साडेचार महिने. सरासरीपेक्षा हे वर्षभराने जास्त आहे, आणि त्या संघाचे खरे रूप मला त्यातच जास्त दिसते. याहून मोठे उदाहरण १९८२ च्या विश्वचषकाचे. इटलीचा गोलरक्षक डिनो झोफ ४० वर्षांचा आणि त्याच अंतिम सामन्यात खेळलेला बेर्गोमी १८ चा. दोघांची सरासरी २९ च्या पुढे येते. त्या वयाचा त्या दोघांत कुणी नव्हताच!

आजकालच्या संघाचे वय काढायचे तर आणखी एक पायरी आहे. विश्वचषकात बदली खेळाडूंना परवानगी १९७० पासून मिळाली. आता शेवटची पाच मिनिटे उतरलेल्या ३४ वर्षांच्या माणसाला नव्वद मिनिटे धावलेल्या पोराइतकेच मोजणे बरे नव्हे. म्हणून प्रत्येकाचे वय त्याच्या मिनिटांनी गुणावे, सगळ्यांची बेरीज करावी आणि एकूण मिनिटांनी, म्हणजे अकरा गुणिले नव्वद, ९९० ने भागावे. कुणाला बाहेर काढले असेल तर तेवढी मिनिटे कमी धरावी.

इथवर सगळे आठवीचे गणित झाले. अडते ते जन्मतारखेपाशी. जर्नैलसिंगचा जन्म लायलपूर जिल्ह्यातला, आज ते पाकिस्तानात. चुनी गोस्वामी किशोरगंजचा, आज ते बांगलादेशात. खेळाडू इकडे आणि जन्माचे दप्तर सरहद्दीपलीकडे. आपल्याकडे सरहद्द आली ती राज्यांची, पण दप्तराची तऱ्हा त्याहून अवघड. निजामाच्या राज्यात सरकारी साल फसली. ते ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आजूर महिन्याने सुरू व्हायचे. फसलीत ५९० मिळवले की त्या ऑक्टोबरचे इंग्रजी साल निघते. फसली १३४६ म्हणजे ऑक्टोबर १९३६ ते ऑक्टोबर १९३७. कागदावर नुसते ‘१३४६’ असेल तर माणूस ३६ चा की ३७ चा? अशा वेळी वर्षाचा मध्य, म्हणजे एप्रिल १९३७ चा आरंभ धरावा. चूक झाली तरी सहा महिन्यांवर जात नाही. हिजरी वर्ष सुमारे अकरा दिवसांनी लहान, म्हणून हिजरीने २६ वर्षांचा माणूस आपल्या मोजणीने सव्वापंचवीसच्याही किंचित आतला.

मध्य धरण्याची ही युक्ती जकार्त्याच्या संघालाही लावता येते. बलरामचे साल १९३६, फ्रँकोचे १९३७. दोघांनाही १ जुलै धरला तर वये २६ वर्षे २ महिने ३ दिवस आणि २५ वर्षे २ महिने ३ दिवस. आठांची बेरीज २०३ वर्षे ८ महिने २७ दिवस, सरासरी २५ वर्षे साडेपाच महिने. सहा जणांच्या सरासरीपेक्षा जेमतेम तीन-चार आठवड्यांनी जास्त. अकराच्या अकरांची फक्त सालेच ठाऊक असली, तरी मध्य धरून काढलेली सरासरी साधारण महिनाभराने चुकते, कारण एकाचे जास्त धरलेले दुसऱ्याच्या कमीत जिरते.

पण ते जिरायला चुका दोन्हीकडच्या असाव्या लागतात. इथे मला माझी स्वतःची गोष्ट सांगितली पाहिजे. १९७९ साली मी नवा मास्तर होतो. आया पोरांना घेऊन शाळेत यायच्या. जन्म कधीचा विचारले की, “दुष्काळाच्या दुसऱ्या साली बघा गुरुजी, येळवशीच्या पुढंमागं झालंय.” मी दाखल्यात लिहायचो : १ जून १९७३. शाळा जूनमध्ये उघडते, मोजायला सोपे, वरूनही कुणी विचारत नसे. एका पानावर ओळीने १ जून, १ जून, १ जून. सगळ्या वर्गाची सरासरी काढली तर ती फार चुकलेली नसणार. कुणी ज्येष्ठातला, कुणी पौषातला, कमी-जास्त सारखे होते. पण येळवस येते डिसेंबर-जानेवारीत. त्या माऊलीचे पोर मी सहा-सात महिन्यांनी मोठे करून ठेवले होते. आठ वर्षांनी ते पोर कबड्डीच्या चौदा वर्षांखालच्या संघात निवडले गेले आणि दाखला बघून त्याला बाहेर काढले. चार महिने जास्त भरत होते. त्याची आई शाळेत आली. ती भांडली नाही. “तुम्हीच लिव्हलं होतं ना गुरुजी?” एवढेच म्हणाली. येळवस धरली असती तर तो बसत होता. दाखला बदलायला मी अर्ज केला, तोवर स्पर्धा होऊन गेली होती.

तो पोरगा आता मुंबईला असतो, गणपतीला येतो, माझ्या पाया पडतो. ती कबड्डी मी कधी काढली नाही, त्यानेही नाही.

याच्या उलटची चूकही आपण पाहतो. संघ जिंकावा म्हणून पोरांची वये कमी लिहायची. एकाने नाही, सगळ्यांनी. अकराही जणांचे वय एकेका वर्षाने खाली आणले तर सरासरी बरोबर एक वर्षाने खोटी निघते. तिथे अकरा काय, अकराशे असले तरी काही जिरत नाही. म्हणून फिफाने २००९ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकापासून मनगटाचे एमआरआय सुरू केले. मनगटाजवळच्या हाडाची वाढीची रेघ पूर्ण बुजली असेल तर पोरगा सतराच्या वर असण्याचीच शक्यता फार. हाडाला १ जून ठाऊक नसतो. तरी तेही तारीख सांगत नाही, मर्यादाच सांगते.

रहीमसाहेब जकार्त्याला गेले तेव्हा कर्करोगाने आजारी होते. ११ जून १९६३ ला, सामन्याला नऊ महिने उलटल्यावर, ते गेले. आशियाई स्पर्धेत फुटबॉलचे सुवर्ण आपल्याला त्यानंतर मिळालेले नाही.

आता पोरांसाठी राहिलेला गृहपाठ. त्रिलोकसिंग, प्रशांत सिन्हा आणि युसूफ खान यांच्या जन्मतारखा शोधा, ४ सप्टेंबर १९६२ ची त्यांची वये काढा, ती २०३ वर्षे ८ महिने २७ दिवसांत मिळवा आणि अकराने भागा. तिघेही २१ चे निघाले तर संघाची सरासरी सव्वाचोवीस येईल, तिघेही ३० चे निघाले तर पावणेसत्तावीसच्या जरा खाली. उत्तर याच्या बाहेर आले तर बेरीज पुन्हा तपासा. तारीख कुठून घेतली तेही वहीत लिहा. विसर्जनाच्या आदल्या दिवशी आरतीनंतर मी मंडपात बसलेला असेन.