आवाजाची मालकी

पॉडकास्टचा शोध कोणी लावला, असा प्रश्न वर्गात एका मुलीने आम्हाला विचारला. उर्दू शाळेत इतिहास शिकवताना एक नाव आणि एक साल फळ्यावर लिहून मोकळे व्हायची आम्हा शिक्षकांची जुनी खोड आहे. इथे मात्र एक नाव पुरत नाही. ही हकीकत अमेरिकेतल्या बॉस्टनची आहे, आणि तिच्या मुळाशी मालकीचे एक भांडण आहे.

अमेरिकेत १९६७ साली सार्वजनिक प्रसारणाचा कायदा झाला. जाहिरातदारांच्या मर्जीवर न चालणारा रेडिओ असावा, हा त्यामागचा हेतू. थोडे सरकारी अनुदान, बाकी श्रोत्यांची वर्गणी आणि देणग्या, यांवर त्याचा खर्च चाले. बॉस्टन विद्यापीठाचे डब्ल्यूबीयूआर हे याच जगातले एक केंद्र. तिथे १९९४ पासून ख्रिस्तोफर लिडन ‘द कनेक्शन’ हा चर्चेचा कार्यक्रम चालवत. लेखक, विचारवंत बोलायला येत. श्रोते फोन करून त्यांच्याशी वाद घालत. पुढे तो दूरदूरच्या केंद्रांवरूनही ऐकू येऊ लागला.

कार्यक्रम नावारूपाला आल्यावर लिडन आणि निर्मात्या मेरी मॅकग्राथ यांनी मालकीत वाटा मागितला. केंद्राने तो नाकारला. केंद्राची बाजू अगदीच पोकळ होती असे आम्हाला वाटत नाही. लोकांच्या वर्गणीवर वाढलेले काम दोघांच्या नावे कसे करायचे? पण ज्यांच्या मेहनतीने ते वाढले, त्यांचा हक्क काहीच नाही काय? तोड निघाली नाही. २००१ साली दोघेही बाहेर पडले.

त्याच सुमारास एक वेगळीच खटपट चालू होती. डेव्ह वायनर या संगणकतज्ज्ञाने लोकांचे नवे लिखाण वाचकाच्या संगणकावर आपोआप पोहोचवणारी सोय घडवली होती. एमटीव्हीवरचे माजी निवेदक ॲडम करी यांनी त्यांना गळ घातली की, लिखाणासोबत आवाजही धाडता यावा. जानेवारी २००१ मध्ये वायनर यांनी ते करून दाखवले. वाट तयार झाली, पण तिच्यावरून जाणारे फारसे कोणी नव्हते.

मग योग जुळला. २००३ साली लिडन आणि वायनर दोघेही हार्वर्ड विद्यापीठाच्या बर्कमन केंद्रात होते. एकाकडे आवाज होता, पण केंद्र नव्हते. दुसऱ्याकडे वाट होती, पण सांगणारा नव्हता. जुलै २००३ मध्ये लिडन यांनी पहिली मुलाखत ध्वनिमुद्रित केली ती वायनर यांचीच. ना मनोरा, ना परवाना. पुढच्या मुलाखतीही अशाच इंटरनेटवरून जाऊ लागल्या.

फेब्रुवारी २००४ मध्ये ‘गार्डियन’ या ब्रिटिश दैनिकात बेन हॅमर्सली यांनी या नव्या प्रकारावर लिहिताना ‘पॉडकास्टिंग’ हा शब्द सहज सुचवला. आयपॉड आणि ब्रॉडकास्ट यांची ती जोड होती. जून २००५ मध्ये ॲपलने आपल्या आयट्यून्समध्ये पॉडकास्टला जागा दिली. त्याच वर्षी लिडन ‘ओपन सोर्स’ हा कार्यक्रम घेऊन सार्वजनिक रेडिओवर परतले.

या हकीकतीतून बंडखोराने जुन्या रेडिओचा पाडाव केला, असा धडा कोणी काढील. आम्हाला तो पटत नाही. प्रश्न कसा विचारावा, समोरच्याला बोलू कसे द्यावे, कुठे गप्प राहावे, हे लिडन लोकांच्या पैशावर चालणाऱ्या स्टुडिओतच वर्षानुवर्षे घासूनपुसून शिकले होते. २०१४ साली गाजलेले ‘सीरियल’ हे पॉडकास्टही शिकागोच्या सार्वजनिक रेडिओत वाढलेल्या ‘धिस अमेरिकन लाइफ’ या कार्यक्रमाच्या घरातूनच निघाले. नव्या फांदीला पाणी मिळत होते ते जुन्याच मुळांतून.

२०२५ साली अमेरिकी संसदेने सार्वजनिक प्रसारणासाठी दोन वर्षांकरिता मंजूर केलेले सुमारे १.१ अब्ज डॉलर परत घेतले. ज्या छोट्या गावांतली केंद्रे या अनुदानावरच तगून होती, त्यांना याचा फटका सर्वांत मोठा. मोबाइल आज ज्याच्या त्याच्या हाती आहे, बोलायला कोणाची परवानगी लागत नाही. पण बोलायला शिकवणारे घर कोण चालवणार?

त्या मुलीला आम्ही फळ्यावर तीन नावे लिहून दिली : लिडन, वायनर, करी. खाली चौथी ओळ लिहिली, वर्गणी भरणारे श्रोते. त्यांची नावे कुठल्याच पुस्तकात सापडायची नाहीत. पण आवाजाच्या मालकीचा हिशेब मांडायचा झाला, तर त्यांचा वाटा आधी काढून ठेवावा लागेल.