एका रेघेचा इतिहास



इतिहासावरील व्याख्यान म्हटले म्हणजे राजे, लढाया आणि तह यांची अपेक्षा घेऊन श्रोते येतात. आज मी आपल्यापुढे ठेवणार आहे ती केवळ एक रेघ. तिची रुंदी पाव इंचाहून क्वचितच अधिक भरते. समुद्राच्या लाटांवर उभे राहून स्वार होण्याची जी फळी, जिला सर्फबोर्ड म्हणतात, तिच्या काठाकाठाने ही रंगीत रेघ फिरते आणि शेवटी आपल्याच आरंभाला येऊन मिळते. कारागीर तिला पिनलाइन म्हणतात. ती रंगाची नसते. रेझीनची, म्हणजे कृत्रिम राळेची असते, आणि ती हातानेच ओढावी लागते. एवढ्याशा रेघेत सांगण्यासारखे काय आहे, अशी शंका आपणांस येईल. ती शंका मनात राहू द्यावी आणि थोडा वेळ माझ्याबरोबर यावे, इतकीच विनंती.

प्रथम त्या फळीचे माहेर पाहू. हा खेळ पॉलिनेशियाचा. पण तो वैभवाला चढला हवाई बेटांत. कॅप्टन कुकच्या तिसऱ्या सफरीवरील जेम्स किंग या अधिकाऱ्याने १७७९ मध्ये तेथील लोकांना लाटांवर स्वार होताना पाहिले आणि त्याचे वर्णन लिहून ठेवले. तेथे हा खेळ राजापासून रंकापर्यंत सर्वांचा होता. सरदारांच्या लांब फळ्या विलिविली नावाच्या हलक्या लाकडाच्या असत. हे झाड आपल्या पांगाऱ्याच्या कुळातले. आखूड फळ्या कोआच्या किंवा नीरफणसाच्या लाकडाच्या असत. फळी तासून झाली की ती खरबरीत पोवळ्याने व दगडाने घासावयाची, काळ्या रंगात रंगवावयाची आणि मग तिला तेल चोळावयाचे. विल्यम एलिस हा मिशनरी १८२३ मध्ये हवाई बेटावर फिरला. वापरून झालेली फळी लोक उन्हात वाळवतात, तिला खोबरेल लावतात, कापडात गुंडाळतात आणि घरात टांगून ठेवतात, असे त्याने नोंदविले आहे. फळीला शेवटचा हात फिरविणे हे तेथे शोभेचे काम नव्हते. लाकूड पाण्याने कुजू नये, त्याला चीर पडू नये, यासाठी ती निगा होती. शोभा तिच्या मागोमाग आली.

पुढे या बेटांवर संकटे कोसळली. परक्या रोगांनी माणसे मेली. १८२० मध्ये मिशनरी आले आणि जुन्या खेळांकडे पाहण्याची दृष्टी बदलली. १८९३ मध्ये राणी लिलिउओकलानी पदच्युत झाली आणि १८९८ मध्ये बेटे अमेरिकेत सामील करण्यात आली. खेळ क्षीण झाला, पण मेला नाही. १८८५ मध्येच तीन हवाईयन राजपुत्र कॅलिफोर्नियातील सांता क्रूझ येथे तेथल्याच रेडवूड लाकडाच्या फळ्यांवर लाटांत उतरले होते. १९०७ मध्ये जॉर्ज फ्रीथ कॅलिफोर्नियात गेला. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये पोहण्याचे सुवर्णपदक मिळविणारा ड्यूक कहानामोकू १९१४ च्या अखेरीस ऑस्ट्रेलियात गेला. तेथे त्याने पाइन लाकडाची फळी स्वतः तयार केली आणि सिडनीजवळच्या फ्रेशवॉटर येथे लोकांना हा खेळ दाखविला. ज्यांचे राज्य गेले त्यांची फळी अशा रीतीने जगभर गेली. हा योगायोग मनाला चटका लावणारा आहे.

परंतु या फळ्या जड होत्या. भरीव रेडवूडची मोठी फळी १०० पौंडांच्या आसपास भरे. टॉम ब्लेक याने होनोलुलूच्या बिशप संग्रहालयातील जुन्या हवाईयन फळ्यांचा अभ्यास केला आणि पोकळ फळी बनवून १९३२ मध्ये तिचे पेटंट मिळविले. तरीही वरून व्हार्निशच द्यावे लागे, आणि व्हार्निश समुद्रापुढे फार दिवस टिकत नाही.

येथे आपल्या कथेत दुसरे महायुद्ध शिरते. विमानांवरील रडारला झाकणाऱ्या टोप्यांसाठी काचतंतूंचे कापड आणि पॉलिएस्टर रेझीन यांचा वापर झाला. युद्ध संपले आणि ही सामग्री साध्या कारागिरांच्या हाती आली. कॅलिफोर्नियात पीट पीटरसन, बॉब सिमन्स, जो क्विग अशा मंडळींनी ती फळ्यांवर आणली. इक्वेडोरचे बाल्सा लाकूड अतिशय हलके, परंतु पाणी शोषणारे. त्याला काचेच्या कापडाची कातडी चढविली की फळी ३० पौंडांच्या खाली येई आणि पाणी आत शिरत नसे. युद्धासाठी केलेली वस्तू खेळाच्या कामी आली.

आता रेघेकडे वळू. काचेचे कापड फळीला चढविताना पोटावरचे कापड कडेवरून वळवून पाठीवर घ्यावे लागते, आणि पाठीवरचे पोटाकडे. तेथे सांध येतो. रेझीन स्वच्छ असेल तर तो फारसा दिसत नाही. पण रेझीनमध्ये रंग घातला की जेथे दोन थर पडतात तेथे रंग गडद होतो, आणि कापडाच्या विसकटलेल्या कडेचे दात दिसू लागतात. म्हणून कारागीर आधी चिकटपट्टी लावून मर्यादा आखतो, रेझीन अर्धवट घट्ट झाले की पट्टीच्या कडेने पात्याने कापड कापतो आणि जास्तीचा भाग सोलून काढतो. उरतो तो एक सांध. कपड्याच्या कडेला शिंपी गोट लावतो ना? तीच योजना येथे आहे. पिनलाइन म्हणजे फळीचा गोट.

ती ओढण्याची रीत ऐकण्यासारखी आहे. कापडावर रेझीनचा आणखी एक थर देऊन तो घासून सपाट केलेला असतो. सांधाच्या दोन्ही बाजूंना दोन चिकटपट्ट्या समांतर लावावयाच्या. मध्ये रेघेपुरती वाट ठेवावयाची. वळणावर पट्टी ताणून चालत नाही. ती नजरेनेच वळवावी लागते. तिच्या कडा नखाने दाबून बसवाव्या लागतात, नाही तर रेझीन खालून झिरपते. मग रेझीनमध्ये दाट रंग आणि हार्डनर मिसळून ब्रशाने ती वाट भरावयाची. यानंतरचा क्षण कसोटीचा. पट्टी लवकर उचलली तर रेघ ओघळते. उशीर झाला तर रेझीन टणक होऊन तिच्या कडा तुटतात. रेझीन गोठू लागले आहे, पण दगड झालेले नाही, नेमक्या त्या वेळी पट्टी उचलावी लागते. ती वेळ हवेच्या उष्णतेवर आणि हार्डनरच्या मापावर ठरते, म्हणून घड्याळावर विसंबता येत नाही, रेझीनच सांगते. मग उभ्या राहिलेल्या कडा हलक्या हाताने मोडावयाच्या, वरून चकाकीचा शेवटचा थर द्यावयाचा, पाणी घेऊन पॉलिशपेपरने घासावयाचे आणि पॉलिश करावयाचे.

ही चिकटपट्टी तरी कोठून आली? तीही सर्फबोर्डासाठी जन्मली नव्हती. दुरंगी मोटारी रंगविताना दोन रंगांची सीमा सरळ राखणे रंगाऱ्यांना जड जात असे. त्यांची अडचण पाहून ३एम कंपनीच्या रिचर्ड ड्र्यू याने १९२५ मध्ये मास्किंग टेप काढली. हवाईची फळी, इक्वेडोरचे लाकूड, युद्धातील राळ आणि मोटारीच्या रंगाऱ्याची पट्टी अशा चार वाटा या पाव इंचात एकत्र येतात.

१९५८ च्या सुमारास होबी ऑल्टर आणि गॉर्डन क्लार्क यांनी लाकडाच्या जागी पॉलियुरेथेन फोम आणला. १९५९ मध्ये ‘गिजेट’ हा चित्रपट आला आणि फळ्यांना एकाएकी मागणी वाढली. फोमच्या फळीला नैसर्गिक रेषा नसतात, म्हणून रंग आणि रेघ यांना बहर आला. पण १९६७-६८ मध्ये आखूड, हलक्या फळ्यांची लाट आली. वजन हाच शत्रू ठरला, तेव्हा चकाकीचा थर आणि रेघ ही दोन्ही ओझी म्हणून टाकण्यात आली. पुढे लांब फळ्यांची आवड परतली आणि त्यांच्याबरोबर रेघही परतली. ५ डिसेंबर २००५ रोजी क्लार्कचा फोमचा कारखाना अचानक बंद झाला. अमेरिकेतील बहुतेक कारागीर त्याच एका कारखान्यावर अवलंबून होते. त्या दिवशी त्यांच्या पायांखालची वाळू सरकली. आज फळीचा आकार यंत्र कापू शकते. रेझीनची रेघ मात्र अजून माणसाच्या बोटांकडेच आहे.

येथे दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की या रेघेने फळी अधिक वेगाने धावते काय? मुळीच नाही. दुसरा अधिक बोचरा आहे: जी रेघ सांध झाकते, ती लबाडीच नव्हे काय? मलाही प्रथम तसेच वाटले होते. परंतु विचार करून पाहा. खालचा काप वाकडा असेल तर त्याला झाकण्यास रुंद पट्टा लागेल. काप जितका नेमका, तितकी रेघ बारीक चालते. तेव्हा बारीक रेघ ही खालच्या कामाची साक्ष आहे. ती दोष झाकीत नाही; दोष नव्हता, असे सांगते.

आणि ही साक्ष देणारा कोण? फळीवर दुकानाचे नाव छापलेले असते. आकार देणारा आपली सही करतो. स्टायरीनच्या उग्र वासात आणि काचेच्या धुळीत उभा राहून रेघ ओढणाऱ्याचे नाव बहुधा कोठेच नसते. हवाईत फळीला तेल चोळून ती कापडात गुंडाळणाऱ्या हातांचीही नावे आपल्यापर्यंत आलेली नाहीत. इतिहासाची साधने शोधताना आपण सह्या आणि शिक्के पाहतो, ते योग्यच आहे. पण ज्यांना सही करण्याचा अधिकार मिळाला नाही, त्यांनीही काही लिहून ठेवलेले असते. ते वाचावयाचे तर वस्तू हाती घेऊन तिच्या कडेवरून बोट फिरवावे लागते.