झाडे गाणे ऐकतात का?

उरण, प्रतिनिधी - झाडांना संगीत ऐकवले की ती जोमाने वाढतात, ही समजूत गच्चीवर कुंड्या सांभाळणाऱ्या शहरी मंडळींत चांगलीच रुजली आहे. तिच्या पुष्ट्यर्थ हमखास आचार्य जगदीशचंद्र बोस यांचे नाव घेतले जाते. वास्तविक बोस यांचे गाजलेले प्रयोग होते ते वीज, उष्णता, रसायने आणि स्पर्श यांना वनस्पती देत असलेल्या प्रतिसादाचे. संगीताचा विषय हाती घेतला तो तमिळनाडूतील अण्णामलाई विद्यापीठाचे वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. टी. सी. एन. सिंह यांनी, १९५० च्या दशकात. तेरड्यासारख्या वनस्पतींना त्यांनी वीणा आणि व्हायोलिन ऐकवले. पुढे भातशेतात ध्वनिक्षेपक लावून उत्पन्न २५ ते ६० टक्क्यांनी वाढल्याचा दावाही केला.

उरण-पनवेलच्या भातपट्ट्याला मोहात पाडणारा असा हा आकडा. मात्र दोन शेतांत फरक फक्त गाण्याचाच ठेवणे फार अवघड असते. उरणच्या खारजमिनीत तर एकाच बांधाच्या दोन बाजूंना मातीतला क्षार सारखा नसतो. उधाणाचे पाणी एकदा आत शिरले की पिकाचे नशीब तिथेच ठरते. अमेरिकेतील डोरोथी रिटॅलॅक यांचे १९७३ मधील पुस्तकही असेच गाजले. त्यांची झाडे म्हणे रॉक संगीतापासून दूर आणि पंडित रविशंकर यांच्या सतारीकडे झुकत. झाडांची संख्या अपुरी आणि प्रयोगाची मांडणी सैल, असा आक्षेप शास्त्रज्ञांनी त्यावर घेतला. नुसत्या आवाजाने झाडे फोफावत असती, तर न्हावा-शेवा बंदराकडे जाणाऱ्या ट्रेलरच्या रस्त्याकडेची झुडपे तालुक्यात सर्वांत सतेज दिसायला हवी होती!

याचा अर्थ झाडे बधिर असतात असा नव्हे. त्यांना कान नाहीत, पण कंपने कळतात. मिसुरी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये मोहरीच्या कुळातील एका रोपाला अळी पान कुरतडते तेव्हाची नेमकी कंपने दिली. नंतर खरी अळी सोडल्यावर त्या रोपांनी बचावाची तिखट रसायने अधिक प्रमाणात तयार केली. वाऱ्याच्या कंपनांनी तसे घडले नाही. तेल अवीवच्या शास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये एका रानफुलाला मधमाशीच्या उडण्याचा आवाज ऐकवला, तेव्हा तीन मिनिटांत त्यातील मकरंद अधिक गोड झाला. झाड प्रतिसाद देते ते त्याच्या कामाच्या आवाजाला. राग यमन की भैरवी, याच्याशी त्याला कर्तव्य नसावे.

परसबागेत तर ध्वनीचा याहून रोकडा उपयोग आहे. वांगी आणि टोमॅटो यांच्या फुलातील परागकोश टोकाच्या बारीक छिद्रांतून उघडतात. परागकण बाहेर पडण्यासाठी ते हलवावे लागतात. काळा भुंगा फुलाला घट्ट धरून पंखांचे स्नायू थरथरवतो. त्या गुंजारवासरशी पराग मिरपुडीच्या डबीतून सांडावा तसा सांडतो. साध्या मधमाशीला ही कला अवगत नाही. युरोपात काचगृहांतील टोमॅटोसाठी १९८० च्या दशकापर्यंत विजेवर थरथरणाऱ्या कांड्या वापरल्या जात. पुढे त्यांची जागा पाळीव भुंग्यांनी घेतली.

गच्चीवर भुंगा फिरकत नसेल आणि फुले फळ न धरताच गळत असतील, तर सकाळी ऊन वर आल्यावर फुलांच्या देठाला बोटाने हलक्या टिचक्या माराव्यात. विजेवर चालणाऱ्या दात घासण्याच्या ब्रशचा मागचा भाग देठाला क्षणभर टेकवला तरी काम भागते. फुले उमललेली असताना कीटकनाशक फवारू नये. कुंपणातले वाळके लाकूड किंवा जुना बांबूही उगाच जाळू नये. भुंगा त्यातच पोखरून घर करतो.