राजपुत्राची बाटली आणि बेटाची स्मृती

परंपरा ही मानवी समाजाची मोठी ठेव आहे. परंतु जी वस्तू परंपरेचे नाव धारण करते ती प्रत्येक वेळी परंपरेच्या घरातून आलेली असतेच असे नाही. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळील स्काय या बेटाच्या नावावर विकल्या जाणाऱ्या एका मद्याची कथा या दृष्टीने विचार करण्याजोगी आहे. त्या मद्याचे नाव ड्रॅम्ब्युई. व्हिस्की, मध, वनौषधी आणि मसाल्याचे पदार्थ यांपासून ते तयार होते. 'तृप्त करणारे पेय' असा त्याच्या गेलिक नावाचा अर्थ सांगितला जातो. 'राजपुत्र चार्ल्स एडवर्ड यांचे मद्य' असे शब्द त्याच्या बाटलीवर दीर्घकाळ झळकत आले.

या राजपुत्राचा इतिहास थोडक्यात असा. चार्ल्स एडवर्ड स्ट्युअर्ट हा पदच्युत कॅथलिक राजघराण्याचा वारस. त्याचा जन्म रोममध्ये झाला. आजोबांचे गमावलेले सिंहासन परत मिळविण्यासाठी तो २३ जुलै १७४५ रोजी मूठभर साथीदारांसह एरिस्के या चिमुकल्या बेटावर उतरला. हायलँड प्रदेशातील अनेक कुळांनी त्याच्यासाठी शस्त्र उचलले. १६ एप्रिल १७४६ रोजी कलोडनच्या माळावर त्याच्या सैन्याचा पुरता मोड झाला. त्याला पकडून देणाऱ्यास सरकारने तीस हजार पौंडांचे बक्षीस लावले. पुढचे पाच महिने तो डोंगरांतून आणि बेटांवरून वणवण भटकला. जून महिन्याच्या अखेरीस फ्लोरा मॅक्डोनल्ड या तरुणीने त्याला दासीच्या वेषात बेनबेक्युलाहून होडीने स्कायला आणले. तेथून राझे बेटावर जाऊन तो पुन्हा स्कायला परतला. अखेर जुलैच्या आरंभी मॅकिनन कुळातील जॉन मॅकिनन आणि त्या कुळाचा वृद्ध प्रमुख यांनी त्याला एलगोलच्या किनाऱ्यावरून मुख्य भूमीवर पोहोचविले.

ड्रॅम्ब्युईची आख्यायिका या शेवटच्या प्रसंगाला येऊन चिकटते. निरोपाच्या वेळी राजपुत्राजवळ द्यायला काहीच उरले नव्हते. म्हणून त्याने आपल्या खासगी पेयाची गुप्त कृती जॉन मॅकिनन यास कृतज्ञतेपोटी दिली आणि त्या कुळाने ती पिढ्यान्‌पिढ्या जपली, असे ही आख्यायिका सांगते. कथा मोठी गोड आहे. परंतु ती इतिहासाच्या तराजूत घालून पाहिली पाहिजे.

पहिला प्रश्न काळाचा. प्रसंग १७४६ मधला. मद्याचा मागोवा मात्र एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या चतुर्थकापासून लागतो. स्कायमधील ब्रॉडफर्ड या गावच्या खानावळीचे चालक रॉस हे कुटुंब. त्यांच्यापैकी जेम्स रॉस यांनी १८८०च्या दशकात हे पेय सुधारले, ब्रँडीऐवजी व्हिस्कीचा आधार घेतला आणि आधी मित्रांना, मग गिऱ्हाइकांना ते देऊ केले. १८९३ साली त्या नावाची व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी झाली. मधल्या सव्वाशे वर्षांची साखळी जोडणारा समकालीन कागद इतिहासकारांना दाखविता आलेला नाही. आणि खप वाढविण्यासाठी ही कथा रचली गेली असावी, असे त्यांच्यापैकी काहींचे मत आहे.

त्या काळाविषयी कागदपत्रेच नाहीत, असे म्हणावे तर तेही खरे नाही. रॉबर्ट फोर्ब्स या एपिस्कोपल पंथाच्या धर्मगुरूंनी (ते पुढे बिशप झाले) राजपुत्राच्या पलायनाशी संबंधित माणसांना गाठून त्यांच्या जबान्या मोठ्या कष्टाने जमविल्या. काळ्या किनारीची दहा हस्तलिखित पुस्तके त्यांनी भरली. पुस्तकांच्या पुठ्ठ्यांच्या आत तर राजपुत्राच्या वस्त्राचा तुकडा आणि त्याच्या होडीच्या लाकडाची ढलपी अशा वस्तू चिकटविल्या. कोणी त्याला काय खाऊ घातले, त्याचे जोडे कसे फाटले होते, इतक्या बारीकसारीक गोष्टी आठवणारी ती माणसे होती.

दुसरा प्रश्न मालकीचा. जेम्स रॉस अकाली वारले. मुलांच्या शिक्षणाचा खर्च भागविण्यासाठी त्यांच्या पत्नीला ही कृती विकावी लागली. विसाव्या शतकाच्या आरंभी ज्यांनी ती विकत घेतली त्यांचे आडनाव मॅकिननच होते. मात्र ते मॅकिनन घराणे वेगळे. नावांचा हा योगायोग जाहिरातीला किती उपकारक ठरला असेल, हे सांगायला नको. आडनाव ऐकताच ग्राहकाला वाटावे की, राजपुत्राने ज्यांच्या हाती कृती दिली त्यांचेच वंशज आपला पेला भरीत आहेत! १९१० साली या मद्याचे व्यापारी उत्पादन सुरू झाले ते बेटावर नव्हे, एडिनबरा शहरात. २०१४ मध्ये हे नाव विल्यम ग्रँट अँड सन्स या मोठ्या कंपनीने विकत घेतले. ब्रॉडफर्डचे हॉटेल मात्र आजही आपणच ड्रॅम्ब्युईचे जन्मस्थान असे सांगते. बेटाच्या त्या दाव्यात राजपुत्रापेक्षा खानावळवाल्याचे महत्त्व अधिक आहे. आणि पुरावाही त्याच बाजूने बोलतो.

तिसरी गोष्ट त्या युगाच्या रुचीची. कलोडननंतर सरकारने हायलँडचा पारंपरिक पोशाखसुद्धा बंद केला होता. ती बंदी १७८२ साली उठली. धोका संपल्यावर कौतुक सुरू झाले. १८२२ साली राजा चौथा जॉर्ज एडिनबराला आला तेव्हा सर वॉल्टर स्कॉट यांनी योजिलेल्या समारंभात तोच पोशाख घालून मिरवला. फ्लोरा आणि राजपुत्र यांच्या होडीवरचे जगप्रसिद्ध इंग्रजी गीतही १८८४ साली छापले गेले. पराभूतांचे दुःख आता विजेत्यांच्या दिवाणखान्यातील करमणूक झाले होते. अशा हवेत ड्रॅम्ब्युईची आख्यायिका रुजली, यात नवल नाही.

आता त्याच काळात बेटावर काय घडत होते ते पाहू. ब्रॉडफर्डपासून काही मैलांवर बोररेग आणि सुइशनिश ही दोन गावे होती. १८५३च्या सुमारास मेंढ्यांच्या कुरणांसाठी जमीनदाराच्या कारभाऱ्यांनी तेथील कुटुंबांना घराबाहेर काढले. सुइशनिशहून निघालेल्या माणसांची रांग आणि त्यांचा टाहो भूगर्भशास्त्रज्ञ आर्चिबाल्ड गिकी यांनी तरुणपणी प्रत्यक्ष अनुभवला आणि वृद्धापकाळी लिहून ठेवला. त्या घरांच्या भिंती अजून तेथे आहेत. १८८२ साली ब्रेज येथे कुळांनी, त्यांतही स्त्रियांनी, ग्लासगोहून आणलेल्या पोलिसांशी दगडधोंड्यांनी झुंज दिली. १८८६च्या कायद्याने अखेर लहान शेतकऱ्यांना जमिनीवर हक्क मिळाला. या माणसांपैकी कोणाचेही नाव बाटलीवर नाही.

दुसऱ्या एका बाटलीची गोष्टही अशीच आहे. स्कायमधील कार्बोस्ट येथे १८३० साली मॅकअ‍ॅस्किल बंधूंनी टॅलिस्कर ही व्हिस्कीची भट्टी उभारली. याच घराण्याच्या जमिनीवरून मेंढ्यांसाठी कुळे हटविली गेली होती. त्या भागातील प्रॉटेस्टंट धर्मगुरू रॉडरिक मॅक्लाऊड यांनी ही भट्टी म्हणजे कोणत्याही स्थळावर येऊ शकणाऱ्या अतिमोठ्या शापांपैकी एक होय, असे स्पष्ट म्हटले. समुद्राच्या लाटा आणि खारा वारा यांच्या चित्रांनी आज तीच व्हिस्की जगभर विकली जाते. तिच्यामुळे बेटावर काही लोकांना काम मिळते, प्रवासी येतात, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु त्या धर्मगुरूंचा शब्दही बेटाच्या वारशाचाच भाग आहे, हेही विसरता येत नाही.

आपल्या वाचकांपैकी काहींना वाटेल की, राजपुत्र कॅथलिक होता, तेव्हा त्याच्या आख्यायिकेची अशी चिरफाड कशाला? येथेही इतिहास आपल्याला सावध करतो. त्याच्या सैन्यात कॅथलिकांच्या मानाने एपिस्कोपल पंथीयांचा भरणा अधिक होता. स्वतः चार्ल्सने १७५० साली लंडनला गुप्तपणे जाऊन अँग्लिकन पंथ स्वीकारला होता. त्याचा धाकटा भाऊ हेन्री १७४७ साली कार्डिनल झाला. चार्ल्स मात्र मद्याच्या व्यसनात झिजत गेला आणि १७८८ साली रोममध्ये मरण पावला. ज्याच्या आयुष्याची मद्याने अशी दशा केली त्याचेच नाव मद्याच्या बाटलीवर प्रतिष्ठा म्हणून मिरवावे, हा विरोधाभास विलक्षण आहे.

कोणी म्हणेल, एका गोड कथेने कोणाचे काय बिघडते? माझ्या मते बिघडते ते असे. तीस हजार पौंड ही त्या काळी अवाढव्य रक्कम होती. बेटांवरील शेकडो गरीब माणसांना राजपुत्राचा ठावठिकाणा ठाऊक होता. त्यांच्यापैकी कोणीही ते बक्षीस घेतले नाही. जॉन मॅकिनन आणि त्यांचे वृद्ध कुळप्रमुख पकडले गेले, त्यांना लंडनकडे नेण्यात आले आणि १७४७ पर्यंत ते बंदिवासात राहिले. फ्लोरालाही कैद भोगावी लागली. त्यांनी आश्रय दिला तो पाहुण्याशी दगा करायचा नाही म्हणून. ही कागदोपत्री सिद्ध झालेली गोष्ट आहे आणि बेटाचा खरा वारसा तीच आहे. आख्यायिका नेमका याच जागी घाव घालते. तिच्यात विनामूल्य दिलेल्या आश्रयाला मोबदला चिकटतो. निष्ठेच्या बदल्यात पाककृती मिळते आणि ती पाककृती पुढे बाजारात उभी राहते. तीस हजार पौंड नाकारणाऱ्या माणसांना ही कथा नकळत फेड घेणारी माणसे करून टाकते.

म्हणून जुन्याच्या नावाने काही विकायला आले की, तीन साधे प्रश्न विचारण्याची सवय आपण मुलाबाळांना लावावी. ही गोष्ट प्रथम कोणी आणि केव्हा सांगितली? ती सांगण्यात कोणाचा लाभ होता? आणि ती सांगताना कोणाची नावे गाळली गेली? पहिल्या दोन प्रश्नांनी खोटे दागिने ओळखता येतात. तिसऱ्याने हरवलेले खरे धन सापडते. स्कायच्या किनाऱ्यावर ते धन अजून आहे. बोररेगच्या ओस पडलेल्या भिंतींत ते आहे, फोर्ब्स यांच्या काळ्या किनारीच्या पानांत आहे. ते कोणत्याही बाटलीत भरता येत नाही.